चित्रकाराच्या घरून चित्र घेताना: ‘वेस्टर्न आर्ट’च्या नव्या संग्राहकांसाठी

‘वेस्टर्न आर्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोने, पिकासो येतात. अमेरिकेत, त्यातही मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. घोडे, गुराखी, बायसनचे कळप, मूळ अमेरिकी जमातींची माणसं, पठारावरचं ऊन, रॉकी पर्वत, आणि हे सगळं रंगांत किंवा ब्राँझमध्ये. मी ओक्लाहोमात राहते आणि बरीच वर्षं याच चित्रांच्या नादात आहे. ओळखीतली मराठी मंडळी अधूनमधून विचारतात, “अमुक चित्रकार गेले. त्यांच्या पत्नी घरातली चित्रं विकताहेत असं कळलं. जाऊ का?”

जरूर जा. पण घाईने जाऊ नका, आणि या लेखातल्या पायऱ्या वगळून जाऊ नका. ‘विधवा’ हा शब्द मी इथे वापरणार नाही, ‘बाई’ म्हणणार आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपण चहा-कॉफी घेणार, त्यांना मनात कोणत्या नावाने हाक मारतो यावर पुढचं वागणं ठरतं, असा माझा अनुभव आहे.

घरून घेण्यात विशेष काय

या चित्रपरंपरेतली दोन मोठी नावं म्हणजे चार्ल्स रसेल (१८६४–१९२६) आणि फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९). दोघांच्याही मागे त्यांच्या पत्नींनी कामाचा कारभार सांभाळला. सोळावं लागता लागता सेंट लुईस सोडून माँटानात आलेला रसेल खरोखरच गुराखी होता. चित्राची किंमत सांगायचीही त्याला लाज वाटे. १८९६ मध्ये नॅन्सी कूपरशी लग्न झालं आणि व्यवहार तिच्या हातात आला. तिने भाव असे वाढवले की नवऱ्याचे मित्र तिला ‘लुटारू नॅन्सी’ म्हणत. तो १९२६ मध्ये गेला, ती १९४० पर्यंत होती. मूळचे माँटानाचे डॉ. फिलिप कोल यांच्यासारख्या खासगी संग्राहकांनी तिच्याकडून थेट चित्रं घेतली. कोल यांचा संग्रह १९४४ मध्ये खनिज तेलाच्या धंद्यातल्या थॉमस गिल्क्रीज यांनी विकत घेतला आणि म्हणून ती चित्रं आज ओक्लाहोमातल्या टल्सा शहराच्या मालकीची आहेत. एका घरातल्या सौद्यापासून सार्वजनिक संग्रहापर्यंतचा हा प्रवास कागदपत्रांसह शाबूत आहे. मला त्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

घरून घेतलेलं चित्र कुठून आलं याबद्दलची शंका कमी राहते, कारण मधला हात नसतो. शिवाय गॅलरीत न दिसणाऱ्या गोष्टी घरात असतात: उन्हात उभं राहून केलेली ९ × १२ इंचांची स्केचेस, अर्धवट सोडलेले कॅनव्हास, पत्रं, हिशेबाच्या वह्या. आणि बाईंच्या आठवणी, ज्या दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत.

पहिली पायरी: आधी डोळा तयार करा

चित्रकाराचं काम भरपूर पाहिल्याशिवाय त्यांच्या घराची बेल वाजवू नका. ओक्लाहोमा सिटीचं नॅशनल काउबॉय म्युझियम, वायोमिंगमधल्या कोडी गावचं बफेलो बिल सेंटर, माँटानात ग्रेट फॉल्सला रसेलच्या १९०३ सालच्या लाकडी स्टुडिओशेजारचं म्युझियम, फोर्ट वर्थचं एमन कार्टर म्युझियम (तिथे प्रवेश मोफत आहे), यांतलं जे जवळ असेल तिथे दोनतीनदा जा. चित्राच्या अगदी जवळ उभं राहून ब्रशचे फटकारे कसे पडलेत ते बघा.

रसेल-रेमिंग्टन आपल्या आवाक्याबाहेरचे आहेत आणि त्यांचं काम आता त्यांच्या घरी उरलेलंही नाही. आपल्याला भेटणार ते त्यांच्या नंतरच्या पिढ्यांचे लोक. १९६५ मध्ये ॲरिझोनात सिडोना इथे ‘काउबॉय आर्टिस्ट्स ऑफ अमेरिका’ ही संस्था निघाली, त्या काळात घडलेल्या चित्रकारांच्या घरांवर आज अशी चित्रं विकायची वेळ आली आहे. लिलावांचे निकाल बघून त्या चित्रकाराचं तैलचित्र केवढ्या आकाराला, कोणत्या विषयाला, कोणत्या वर्षी किती भावाने गेलं, याची एक वही करा. मोबाइलमध्ये नको, वहीच करा. भाव बोलताना समोर फोन उघडून बसणं बरं दिसत नाही.

दुसरी पायरी: पहिल्या भेटीत पैसे काढू नका

आधी पत्र लिहा किंवा फोन करा. आपण कोण, त्यांच्या पतींचं कोणतं चित्र कुठे पाहिलं आणि ते का आवडलं, हे सांगा. चित्रांसाठी एखाद्या गॅलरीशी करार झाला आहे का, हे फोनवरच विचारा. असेल तर गॅलरीला वगळून बाईंशी सौदा करायचा नाही. त्यात अडचण बाईंचीच होते.

जाताना त्यांच्या घरचं कुणी, मुलगा, भाची, शेजारीण, हजर असेल असं बघा. हे मी दरवेळी आवर्जून सुचवते. एकट्या, वयस्कर आणि नुकत्या दुःखातून जात असलेल्या माणसासमोर चेकबुक घेऊन बसणं योग्य नाही, आणि पुढे कुणी शंका काढली तर त्या तिसऱ्या माणसाची साक्ष दोघांच्याही कामाला येते. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. स्टुडिओत काहीही हलवू नका. ब्रश ज्या डब्यात आहेत तिथेच राहू द्या.

त्या दिवशी फक्त ऐकायचं. माझ्या पहिल्या भेटीत बाई दीड तास बोलल्या. वारा इतका असायचा की पती पिकअप ट्रकच्या आत बसून, खिडकीच्या काचेला बोर्ड टेकवून रंगवत, हे त्यांनी सांगितलं. समोरच्या स्केचच्या डाव्या कडेला रंग पुसट का होता ते मला तेव्हा कळलं. घरी आल्यावर लगेच लिहून ठेवलं. तो कागद आज त्या चित्रासोबत आहे.

तिसरी पायरी: विकण्याचा हक्क कुणाचा

पत्नी आहेत म्हणजे घरातलं प्रत्येक चित्र त्यांच्या मालकीचं, असं गृहीत धरू नका. इथे नवे लोक सर्वांत जास्त अडकतात.

मृत्युपत्र होतं का? प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र आणि वारसा मान्य करण्याची कोर्टातली प्रक्रिया, पूर्ण झालं का? चालू असेल तर विक्रीचा अधिकार कोर्टाने नेमलेल्या प्रतिनिधीचा असतो. ती व्यक्ती बाई स्वतः असतील किंवा दुसरं कुणी. कोर्टाने दिलेलं नेमणुकीचं पत्र पाहायला मागा, त्यात अपमान नाही. चित्रं ट्रस्टमध्ये ठेवली असतील तर सही ट्रस्टीची, म्हणजे ट्रस्टचा कारभार पाहणाऱ्याची हवी. पहिल्या लग्नाची मुलं असतील तर त्यांचा वाटा असू शकतो. टेक्सास, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांत लग्नानंतरच्या कमाईवर दोघांची समान मालकी मानतात. ओक्लाहोमा, माँटाना, वायोमिंगमध्ये तसा नियम नाही. म्हणून चित्रकार ज्या राज्यात राहत होते तिथल्या वकिलाचा एक तास विकत घ्या. चित्राच्या किमतीपुढे ही फी छोटी असते.

भिंतीवरचं एखादं चित्र घरचं नसतंही. मित्राचं, दुरुस्तीला आलेलं किंवा कुणी आधीच पैसे भरून ठेवलेलं असू शकतं. अमेरिकी कायद्यात चोरीच्या वस्तूची मालकी चोराकडून घेणाऱ्याला कधीच मिळत नाही, घेणारा कितीही सरळ असो. मोठ्या किमतीचं, हातोहात फिरलेलं चित्र असेल तर आर्ट लॉस रजिस्टर (हरवलेल्या-चोरलेल्या कलावस्तूंची खासगी नोंदवही) आणि एफबीआय या तपास संस्थेची चोरीच्या कलावस्तूंची यादी तपासून घ्यावी.

चौथी पायरी: चित्र उलटं करून पाहा

इथे घाई नको. चित्राची पुढची बाजू आपल्याला भुलवते, मागची बाजू माहिती देते.

कॅनव्हास मागून पाहा. दुकानाचा शिक्का, प्रदर्शनाचं लेबल, चित्रकाराच्या हातचा क्रमांक, जुन्या फ्रेमचे खिळे, हे सगळं टिपून घ्या. पुष्कळ वेस्टर्न चित्रकार मॅसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या तपकिरी बोर्डावर रंगवत. हा बोर्ड १९२० च्या दशकात शोधला गेला. म्हणजे त्यावरच्या चित्राला कुणी १९१५ सालचं म्हणत असेल तर सौदा तिथेच थांबवा. तीच गोष्ट टायटॅनियमच्या पांढऱ्या रंगाची. तो चित्रकारांच्या हातात साधारण १९२० च्या सुमारास आला.

एक छोटा अतिनील दिवा घ्या. खोलीत अंधार करून तो चित्रावर धरला की जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी काळपट डागांसारखी दिसते. कागद निळसर-पांढरा झळकला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, म्हणजे तो साधारण १९५० नंतरचा. जलरंग असेल तर फ्रेमखाली झाकलेली कड पाहायला मागा. तिथला निळा गडद आणि मधला फिका असेल तर चित्राने बरंच ऊन सोसलं आहे. डागडुजी म्हणजे दोष नव्हे, पण किंमत बोलण्याआधी ती माहीत असावी.

छापील चित्र आणि मूळ चित्र यांत गल्लत होते. आपल्याकडे कित्येक घरांत राजा रविवर्म्याच्या छापखान्यातले ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांसारख्या दिसणाऱ्या रंगीत छपाया, ‘ओरिजिनल’ म्हणून जपले गेले, तसंच इथे कोलिअर्स नियतकालिकासाठी छापलेल्या रेमिंग्टनच्या रंगीत छपाईचं झालं आहे. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली की ती छपाई. मात्र सगळ्या छपाया ठिपक्यांच्या नसतात. शंका आली तर कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे चित्रांचं जतन-दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

सही नसलेली चित्रं स्टुडिओत हमखास सापडतात. बाई प्रेमाने म्हणतील, “मी त्यांची सही घालून देते.” नम्रपणे नाही म्हणा. दुसऱ्याच्या हातची सही पुढे खऱ्या चित्रालाच खोटं ठरवते. त्याऐवजी मागे वारसांचा शिक्का आणि बाईंच्या स्वतःच्या सहीचं पत्र घ्या. रसेलच्या सहीशेजारी बायसनच्या कवटीचं चिन्ह असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, बनावट करणाऱ्यांनाही. त्यामुळे सही हा पुराव्याचा एक तुकडा समजा.

ब्राँझबद्दल थोडं सविस्तर, कारण पत्नीच्या निर्णयाचा परिणाम तिथे सर्वांत जास्त दिसतो. रेमिंग्टनचं पहिलं ब्राँझ, उधळलेल्या घोड्यावरचा स्वार, १८९५ चं. सुरुवातीच्या प्रती हेन्री-बोनार्ड कारखान्यात वाळूच्या साच्यात ओतल्या गेल्या. पुढे तो रोमन ब्राँझ वर्क्स या कारखान्याकडे, मेणाचा नमुना वितळवून त्या जागी धातू ओतण्याच्या पद्धतीकडे वळला. तो १९०९ मध्ये अचानक गेल्यावर पत्नी ईव्हाने ओतकाम चालू ठेवायला संमती दिली. त्या १९१८ मध्ये गेल्या आणि त्यानंतर लवकरच अधिकृत प्रती थांबल्या. म्हणून त्याच्या हयातीतली प्रत, ईव्हाच्या काळातली प्रत आणि नंतर कुणीही ओतलेली नक्कल या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तयार ब्राँझवरूनच साचा काढून ओतलेली नक्कल मूळ प्रतीपेक्षा किंचित लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. मोजपट्टी न्या.

आजच्या ब्राँझसाठी बाईंना चार प्रश्न विचारा. आवृत्ती किती प्रतींची ठरली होती? पतींच्या हयातीत किती ओतल्या? साचे आता कुणाकडे आहेत? उरलेल्या प्रती पुढे ओतणार आहात का? उत्तरं लेखी घ्या.

बड्या नावांच्या बाबतीत एक पायरी वाढते. त्यांच्या सर्व कामांची तज्ज्ञांनी केलेली अधिकृत सूची असते. रसेलची २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्र त्यात नसेल तर ते आपोआप खोटं ठरत नाही, पण पुन्हा विकताना तो पहिला प्रश्न असतो. आणि एखाद्या काळातलं काम फार थोडं सापडलं तर त्याला कारणं असतात. रेमिंग्टनने १९०७–०८ च्या सुमारास न आवडलेली आपली कितीतरी चित्रं स्वतः जाळली होती.

पाचवी पायरी: भाव

सरळ सांगते. तुम्हाला भाव माहीत आहे आणि बाईंना नाही, अशा स्थितीत गप्प राहून घेतलेलं चित्र मी चांगली खरेदी मानत नाही. त्यांनी बाजारभावाच्या पाव किंमत सांगितली तर “हे याहून जास्त किमतीचं आहे” असं म्हणा.

मग भाव कसा ठरवायचा? व्यावसायिक मूल्यांकनकाराकडून. त्याची फी ठरावीक असावी, किमतीच्या टक्केवारीत नसावी, आणि तो स्वतः घेणारा किंवा विकणारा नसावा. मूल्य कोणत्या कामासाठी काढलं हेही विचारा. विम्याचं मूल्य दुकानातल्या भावाच्या आसपास असतं. खुल्या बाजारातलं मूल्य त्याहून कमी असतं, कारण ते बहुधा लिलावांच्या निकालांवरून ठरतं. गॅलरी विक्रीतला निम्म्याच्या आसपास वाटा ठेवते. त्यामुळे गॅलरीतली किंमत आणि बाईंच्या हाती पडणारी रक्कम यांत मोठी दरी असते, आणि दोघांनाही परवडणारा भाव त्या दरीत सापडतो.

मृत्यूच्या वेळी चित्रांचं मूल्यांकन झालं होतं का, हेही विचारा. चित्रकाराने स्वतः विकलं असतं तर ती त्याची साधी कमाई ठरली असती. वारशाने आल्यावर मात्र संघराज्याच्या करासाठी चित्राची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाइतकी धरतात, आणि नफ्यावर कलावस्तूंसाठीचा दर लागतो, जास्तीत जास्त २८ टक्के. म्हणजे तो जुना कागद सापडला तर बाईंचा कर बराच वाचू शकतो. त्यांना त्यांच्या सीपीएशी (सनदी हिशेबनिसाशी) बोलायला सांगा, सल्ला तुम्ही देऊ नका.

पैसे चेकने किंवा बँकेतून द्या, रोखीने नाही. हप्ते हवे असतील तर मागायला हरकत नाही, पण शेवटचा हप्ता जाईपर्यंत चित्र त्यांच्या भिंतीवरच राहू द्या. सौदा ठरल्यावर मी दोन आठवडे थांबते. त्या काळात बाईंचं मन बदललं तर कारण न विचारता सौदा मोडायचा, हे लिहून देते. एकदा तसं झालं. चित्र हातचं गेलं, पण त्या घराशी संबंध राहिला.

सहावी पायरी: कागद, आणि माझ्याकडून झालेली चूक

विक्रीपत्रात चित्राचं नाव, माप, माध्यम, वर्ष, सही कुठे आहे, दोन्ही बाजूंचे फोटो, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या आणि ‘मी मालक आहे, यावर कुणाचं कर्ज वा हक्क नाही’ हे वाक्य हवंच. सोबत वेगळं पत्र घ्या: चित्र कधी, कुठे केलं, तेव्हापासून कुठे होतं, कुठल्या प्रदर्शनात गेलं होतं.

कॉपीराइटवर एक ओळ मुद्दाम लिहा. मी ती लिहिली नव्हती. चित्र माझं, म्हणून त्याचा फोटो दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापला आणि दीडशे घरी पाठवला. काही दिवसांनी चित्रकाराच्या मुलाचं पत्र आलं. शांत, सभ्य, आणि पूर्णपणे बरोबर. १९७८ पासून लागू असलेल्या अमेरिकी कायद्यात चित्राची वस्तू आणि चित्राचा कॉपीराइट या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. वस्तू विकली म्हणून कॉपीराइट जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. सध्याच्या नियमाने तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. मी माफी मागितली आणि मोबदला दिला. घरी टांगायला काहीच अडचण नाही, छापायचं असेल तर आधी परवानगी. १९७८ पूर्वी विकलेल्या कामांना जुने नियम लागतात, तिथे वकिलालाच विचारा.

आणखी एक करा. बाईंची तयारी असेल तर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. एकेक चित्र समोर ठेवून “हे कुठलं? हा घोडा कुणाचा? हा माणूस कोण?” असं विचारत गेलं की तासाभरात जे जमतं ते कुठल्याच तज्ज्ञाला नंतर जमणार नाही. एक प्रत त्यांच्या कुटुंबाला द्या.

स्टुडिओतल्या इतर वस्तूंना हात लावण्याआधी

वेस्टर्न चित्रकारांच्या स्टुडिओत खोगीरं, मण्यांचे मोकासिन (मऊ कातड्याचे जोडे), पिसांचे शिरोभूषण अशा वस्तू नमुन्यासाठी ठेवलेल्या असतात. बाई म्हणतील, हेही घेऊन जा. गरुडाचं पीस असलेली वस्तू विकत घेणं आणि विकणं अमेरिकेत गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी जुन्या वस्तूंवरही कायम ठेवली. इतर पुष्कळ पक्ष्यांच्या पिसांनाही १९१८ चा कायदा लागतो. काही वस्तू जमातींच्या पवित्र विधींतल्या असतात. त्या परत कशा द्यायच्या हे त्या जमातीच्या सांस्कृतिक कार्यालयाला विचारायला बाईंना मदत करा. आपण त्या घ्यायच्या नाहीत.

वह्या, पत्रं, कच्ची रेखाटनं यांचा गठ्ठा मात्र फोडून विकू नका म्हणून सांगा. एखाद्या म्युझियमच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहाला तो अखंड हवा असतो.

घरी आणल्यावर

चित्र गाडीत उभं ठेवून आणा, आडवं नको. रंगाच्या पृष्ठभागाला बबल-रॅप टेकू देऊ नका. त्याच्या गोल खुणा व्हार्निशवर उमटतात. आधी आम्लरहित कागद, मग पुठ्ठा. घराच्या विम्यात कलावस्तूंना बहुधा छोटी मर्यादा असते, म्हणून चित्र स्वतंत्रपणे नोंदवून घ्या. विक्रीकर किंवा वापरकर (विक्रीकर न भरता घेतलेल्या वस्तूवरचा कर) तुमच्या राज्यात लागतो का ते पाहा. भारतात न्यायचं असेल तर निघण्यापूर्वी सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एजंटला विक्रीपत्र दाखवा.

उन्हाच्या समोर, शेकोटीच्या वर आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगू नका. आपल्या फोडणीची वाफ कॅनव्हासला सोसत नाही.

सगळे कागद चित्राच्या मागे चिकटवू नका. मूळ प्रती लोखंडी कपाटात ठेवा आणि फ्रेमच्या मागे फक्त एक लिफाफा अडकवा, त्यात झेरॉक्स आणि बाईंच्या पत्राची प्रत. मग चित्र जिथे टांगलं त्या खोलीचा एक फोटो काढून बाईंना पोस्टाने पाठवा. माझ्याकडून गेलेला फोटो त्यांनी स्टुडिओत, चित्र काढून नेल्यावर भिंतीवर उरलेल्या खिळ्याला लावला आहे.